आईचे शिक्षण

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटा फिरवून मिस्त्रींच्या पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकानं तिसऱ्या पानावरची एक चौकट दाखवली.

"हे काय लिहिलंय?"

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. चौकटीवर छापलं होतं, 'अर्जदारास अपंगत्व असल्यास तपशील'. खाली त्यांच्या ठळक अक्षरात होतं, 'तपासले. ठीक.'

"आणि हे?" बाईंनी पान उलटलं. 'यापूर्वी शिष्यवृत्ती रद्द झाली असल्यास कारण.' तपासले. ठीक. 'परदेशातील मालमत्ता.' तपासले. ठीक.

"परदेशातली मालमत्ता ठीक आहे म्हणजे सुखरूप आहे ना?" बाईंनी विचारलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण आवाजात होतं.

"रकाना कोरा सोडता येत नाही," मिस्त्री म्हणाले. "लिफ्टच्या वहीत एक रकाना कोरा राहिला, की ते बघितलंच नाही असं धरतात. पुढे काही झालं तर मिस्त्री आत."

"तुम्ही लिफ्टचे?"

"बावीस वर्षं झाली."

"मग आमची बघा की. दुसऱ्या मजल्यावर नुसती धापा टाकते."

"येताना बघितली. दार नीट बसत नाही. कोणीतरी लाथा घालतंय दाराला."

"आमचे प्राध्यापकच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खणातून नवा अर्ज काढला.

मिस्त्रींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मुलीला संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला होता, पण जागा गुरुवारपर्यंतच राखून ठेवलेली होती. गुरुवारी एकतर फी भरायची, नाहीतर ती कुठून येणार याचा कागद द्यायचा. आज सोमवार होता. सकाळपासून ही तिसरी खिडकी. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं विचारलं, 'तुम्हाला नक्की काय पाहिजे?' याचं उत्तर मिस्त्रींना माहीत नव्हतं. घरातले कागद बायको बघायची. विजेचं बिल, शाळेचे अर्ज, विम्याचे हप्ते, सगळं. तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

"मला कोणीतरी पहिल्यापासून समजावून सांगा," ते म्हणाले. "मी लिहून घेतो. परत विचारायला येणार नाही."

बाईंनी त्यांच्या मागची रांग बघितली. दोनच माणसं होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा, चार वाटा आहेत. पहिली शिष्यवृत्ती. दुसरी फीमाफी, ती उत्पन्न बघून मिळते, तुमच्या पगारावर साधारण अर्धी मिळेल. तिसरी, शिकता शिकता काम. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, आठवड्याला दहा-बारा तास. चौथी म्हणजे कर्ज."

"परत द्यायचं कोणतं?"

"फक्त कर्ज. तेही शिक्षण संपल्यावर, नोकरी लागल्यावर."

मिस्त्रींनी खिशातल्या लहान वहीत चार ओळी लिहिल्या होत्या. चौथीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"अहो, आत्ताच कशाला खोडता?"

"उसने पैसे मी कधी घेतले नाहीत."

"बरं. मग पहिलीकडे या. तुमचं शिक्षण किती?"

"दहावी. नंतर लिफ्टचा एक वर्षाचा कोर्स."

"तो महाविद्यालयात धरत नाहीत. आणि मुलीच्या आईचं?"

"बारावी. चष्म्याच्या दुकानात होती. काचा बसवायची." ते थांबले. "आता नाही ती."

बाईंचं पेन एका जागी थांबलं, मग चालू लागलं.

"मग तुमची मुलगी एका शिष्यवृत्तीत बसते. 'घरातली पहिली' म्हणतो आम्ही तिला. आईवडिलांपैकी कोणीही बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नसावा, एवढीच अट. पूर्ण फी, तिन्ही वर्षं. परत काही द्यायचं नाही. यंदा अर्जही कमी आलेत." त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. "त्यांचा मृत्यूचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला. दोन्ही घेऊन गुरुवारी या. आणि मिस्त्री, जे लागू नाही ते कोरं सोडा. इथे कोणी आत टाकत नाही."

पायऱ्या उतरताना मिस्त्रींनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. लिफ्टनं गेले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर थांबून मात्र त्यांनी दाराचा खालचा रूळ बोटानं चाचपला. वाकलेला होता.

घरी मुलीनं त्यांना बघितल्याबरोबर विचारलं, "काय म्हणाले?"

तिला घरात मुंगी म्हणत. लहानपणापासून सतत काहीतरी ओढत, उचलत इकडून तिकडे न्यायची म्हणून. निकाल लागल्यावर तिनं स्वतःच चष्म्याच्या दुकानात चौकशी करून ठेवली होती. मालक म्हणाले होते, आईची खुर्ची रिकामीच आहे, कधीपासूनही ये. हे तिनं वडिलांना भाजी चिरता चिरता सांगितलं होतं, जशी भाजीची किंमत सांगावी तसं.  दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रजेचा अर्ज दिला.

"पूर्ण फी मिळेल," ते म्हणाले. "तिन्ही वर्षं."

 मुंगीनं हातातली सुरी खाली ठेवून हात पुसले आणि आत जाऊन बसली. थोड्या वेळानं आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

कागदांची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर होती. नऊ महिन्यांत मिस्त्रींनी ती एकदाच खाली घेतली होती, विम्यासाठी, तीही मुंगीला सांगून. आज त्यांनी ती स्वतः पलंगावर मोकळी केली. बायकोनं प्रत्येक गठ्ठ्याला रबर लावून वर चिठ्ठी चिकटवली होती. घर. बँक. मुंगी. अहो. 'अहो' म्हणजे ते. त्यांच्या लिफ्टच्या परवान्याच्या सगळ्या प्रती, क्रमानं. तिच्या नावाचा गठ्ठा नव्हताच. तिचे दाखले सापडेनात म्हणून त्यांनी सगळे गठ्ठे सोडले. शेवटी तळाशी एक जुना पिवळट लिफाफा निघाला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आत शाळा सोडल्याचा दाखला होता. त्याच्या मागे टाचणीनं आणखी दोन कागद लावलेले होते.

पहिला म्हणजे गुणपत्रक. विज्ञान शाखा, प्रथम वर्ष. नाव तिचं, माहेरचं. उत्तीर्ण. गणितात शंभरपैकी ब्याण्णव.

मिस्त्रींनी आकड्यावर बोट ठेवलं आणि ओळ सरकली तर नाही ना ते बघितलं. घरातली प्रत्येक बेरीज तिनं त्यांच्याकडून करून घेतली होती. किराण्याची, दुधाची, पगाराची. 'तुम्हीच करा, मला नाही जमत,' म्हणायची. ते करायचे. कधी चुकलं तर म्हणायची, 'परत एकदा बघा ना, मला उगाचच वाटतंय.' आणि चुकलेलंच असायचं.

दुसरा कागद पावती होता. द्वितीय वर्षाचा प्रवेश विद्यार्थिनीच्या विनंतीवरून रद्द, फी परत केली. खाली तिची सही, आणि तारीख. लग्नाच्या तीन आठवडे आधीची.

ती रक्कम मिस्त्रींना पाठ होती.

लग्नानंतर महिन्याभरानं तिनं एक पाकीट त्यांच्या हातात ठेवलं होतं. म्हणाली होती, वडिलांनी दिलेत, तुमच्या कोर्ससाठी. तेव्हा ते लिफ्टना तेल घालणारे हेल्पर होते. परवाना नव्हता. कोर्सची फी नेमकी तेवढीच होती, वर बसभाड्यापुरते उरले होते. पुढच्या भेटीत त्यांनी सासऱ्यांचे आभार मानले होते. सासऱ्यांनी आधी त्यांच्याकडे, मग मुलीकडे बघितलं होतं आणि म्हणाले होते, 'असू दे, असू दे.' मिस्त्रींना वाटलं होतं, मोठा माणूस आहे, बोलून दाखवत नाही.

त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"एक विचारायचं होतं. तुझी ताई कॉलेजात होती?"

पलीकडे नळाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"कोणी सांगितलं, भाऊजी?"

"कागद सापडला."

"मी तिला म्हटलं होतं, फाडून टाक तरी. नाहीतर सांगून टाक. दोन्ही केलं नाही बाईनं."

"मला का नाही सांगितलं?"

"आता काय सांगू तुम्हाला. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, ते दहावी आहेत, मी कॉलेजची म्हटलं की घरात बोलायचेच बंद होतील. तुम्ही तसेही कुठे फार बोलता. पुढे म्हणाली, आता त्यांना परवाना मिळू दे, मग सांगीन. मग म्हणाली, मुंगी शाळेत जाऊ दे. मग राहिलंच."

"आणि ते पैसे?"

"ते पैसे तिचेच होते, भाऊजी. बाबांनी भरले होते, पण ते कशासाठी होते? तिच्यासाठीच ना. तिला वाटलं तिथे तिनं घातले."

"वाईट वाटायचं का तिला?"

"पहिली दोन वर्षं मला गणिताचं पुस्तक बघवत नाही म्हणायची. नंतर तुम्ही त्या मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टवर लागलात ना, तेव्हा मला फोन करून अर्धा तास तेच सांगत होती. एवढं मला माहीत आहे. जास्त विचारू नका."

रात्रीच्या जेवणाआधी मिस्त्रींनी तिन्ही कागद मुंगीपुढे ठेवले. तिनं ते वाचले. गुणपत्रक जास्त वेळ हातात धरलं. मग टाचणी काढली, शाळेचा दाखला एका बाजूला ठेवला आणि उरलेले दोन लिफाफ्यात परत घातले.

"हा दाखला न्यायचा," ती म्हणाली. "हे दोन घरी राहू देत."

"तिन्ही न्यायचे."

"कशाला?"

"तिथे विचारलंय. आईचं शिक्षण."

"बारावी म्हणून सांगितलंत ना तुम्ही आज? मग झालं."

"आज मला माहीत नव्हतं."

"बाबा, कोणालाच माहीत नाहीये. तुम्ही वीस वर्षं एका घरात राहून तुम्हाला कळलं नाही, त्या खिडकीतल्या बाईला कुठून कळणार? एक वर्ष तर शिकली. डिग्री तरी कुठे आहे?"

"अट डिग्रीची नाही. प्रवेश घेतलेला नसावा, अशी आहे."

"मग अटच मूर्ख आहे."

"असेल."

मुंगीनं लिफाफा टेबलावर आपटला, पण हळूच. "तुम्हाला कळतंय का, हे लिहिलं की पुढच्या सोमवारी मी दुकानात असेन. ती एक ओळ आणि माझी तीन वर्षं. आणि आईला तरी आवडलं असतं? तिनं स्वतः लपवलं सगळं. ती असती तर तिनंच तुमच्या हातातून पेन काढून घेतलं असतं."

"घेतलं असतं," मिस्त्री म्हणाले. "आणि मी दिलंही असतं."

"मग?"

"मग आता सही मला करायची आहे." ते पुढचे शब्द शोधत राहिले. बोलायचं काम त्यांचं कधीच नव्हतं. "मुंगे, मी तिथे बारावी लिहिलं की तिचं ते वर्ष झालंच नाही असं होतं. आणि ते वर्ष मी खाल्लंय. माझा परवाना त्यातून आलाय. तू जेवलीस ते त्यातून. मला नाही लिहिता यायचं."

"आणि दुकान?"

"दुकानात तू जाणार नाहीस."

"कशाच्या जोरावर म्हणताय?"

त्यांनी खिशातली वही काढून तिच्यापुढे उघडी ठेवली. "पहिली वाट गेली. अजून आहेत. मला त्यांची जुळवणी येत नाही, तुला येते. बस आणि कर."

मुंगी उठून गेली. ताट तिनं आत नेलं.

बुधवारी मिस्त्री दिवसभर एका जुन्या इमारतीच्या लिफ्टवर होते. दोर बदलायचे होते. रखवालदारानं दोनदा चहा आणला आणि दोनदा तोच थंड झालेला परत नेला. "मिस्त्री, आज दोराशी भांडण आहे का?" त्यानं विचारलं. मिस्त्री म्हणाले, दोराशी नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लिफ्टच्या मोटारीच्या खोलीतून कॉलेजातल्या बाईंना फोन करून फीमाफीला कोणते कागद लागतात ते विचारलं, मग मालकाला फोन करून पगाराचं पत्र मागितलं, मग मालकानं 'उद्या बघू' म्हटल्यावर पुन्हा फोन केला. तिसऱ्या फोनला मालक म्हणाला, "अरे बाबा, देतो. तू लिफ्ट सोडून माझ्या मागे लागलास." पाच वाजता पत्र हातात होतं.

घरी टेबलावर एक मोठा कागद पडलेला होता. मुंगीनं पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते. फीमाफी, अर्धी. ग्रंथालयातलं काम, आठवड्याला बारा तास, त्यातून पुस्तकं आणि बसचा पास. वडिलांकडून, दर महिन्याला इतके. हा आकडा तिनं मिस्त्रींच्या मनातल्यापेक्षा बराच कमी धरला होता. मिस्त्रींनी वहीत खोडलेली चौथी वाट तिनं सगळ्यात खाली पुन्हा लिहिली होती. तिच्यापुढे जो आकडा उरत होता तो फार मोठा नव्हता. शेजारी लिहिलं होतं, 'माझ्या नावावर.'

मिस्त्रींनी सगळ्या बेरजा एकदा करून बघितल्या. बरोबर होत्या.

"मी अजून रागावलेय," मुंगी आतून म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

गुरुवारी दोघं नऊ वाजताच खिडकीपुढे उभे होते. बाईंनी 'घरातली पहिली'चा अर्ज घेतला, दाखले बघितले, मागचे दोन कागद उलटून बघितले. मग पुन्हा बघितले. त्यांनी आवाज खाली आणला.

"हे मला कशाला दाखवताय?"

"आईचं शिक्षण विचारलंय."

बाईंनी टाचणी काढली आणि ते दोन कागद काचेखालून परत सरकवले. "मिस्त्री, मला फक्त शाळेचा दाखला लागतो. बाकीचं मी बघितलेलं नाही. कळलं ना मी काय म्हणते ते?"

मुंगी वडिलांकडे बघत नव्हती. ती खिडकीच्या कडेला लावलेली सूचना वाचत होती.

"बघितलंत, बाई," मिस्त्री म्हणाले. "तुमचा हेतू चांगला आहे. पण मी बघितलंय आणि हिनंही. बघणारे आपण तिघं आहोत."

"पूर्ण फी आहे ती. तिन्ही वर्षांची."

"माहीत आहे."

बाईंनी सुस्कारा सोडला. अर्जावर त्यांनी एक ओळ लिहिली, शिक्का मारला आणि तो डावीकडच्या, नाकारलेल्या अर्जांच्या ट्रेमध्ये टाकला. त्या ट्रेमध्ये तो एकटाच होता. "मग फीमाफी. पगाराचं पत्र आणलंय?"

"आणलंय."

"काम?"

"ग्रंथालयात," मुंगी म्हणाली. "सकाळची पाळी मिळाली तर बरं. दुपारी तास असतात."

"आणि उरलेले?"

मुंगीनं घडी केलेला मोठा कागद उघडून काचेला लावला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, मध्ये एका आकड्याशी थांबून मनात काहीतरी मोजलं. "हे कोणी केलं?"

"मी."

"आमच्याकडे लोक असा कागद घेऊन आले तर माझी निम्मी नोकरी जाईल," बाई म्हणाल्या. कपाटातून त्यांनी कर्जाचा अर्ज काढला. "हा मुलीनं भरायचा. जामीन म्हणून वडिलांची सही शेवटच्या पानावर. मिस्त्री, तुम्ही तर उसने घेत नव्हता."

"एकदा घेतले होते," मिस्त्री म्हणाले. "मला कळलं नव्हतं, एवढंच."

त्यांनी शेवटचं पान मागून घेतलं आणि उभ्या उभ्याच सही केली. मग अर्ज मुंगीला दिला. ती बाजूच्या बाकावर बसून भरायला लागली. नाव, पत्ता, अभ्यासक्रम. एका चौकटीशी ती थांबली.

बाईंनी काचेतून वाकून बघितलं. "ते आईवडिलांच्या शिक्षणाचं ना? कर्जाला ते लागत नाही. दिलं नाही तरी चालतं. पुढे चल."

मिस्त्री म्हणाले, "राहू दे मुंगे, गुरुवार संपेल."

मुंगी पुढे गेली नाही. वडिलांच्या नावापुढे तिनं दहावी आणि लिफ्टचा कोर्स लिहिला. खालच्या ओळीत, आईच्या नावापुढे, सावकाश लिहिलं, 'विज्ञान, प्रथम वर्ष, उत्तीर्ण'. ओळ संपली, तरी तिनं पेन उचललं नाही.

"बाबा, गणितात ब्याण्णवच होते ना?"

"ब्याण्णव."

"गुण विचारलेले नाहीत गं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मुंगी म्हणाली आणि कागद जरा तिरका करून तिनं ते समासात लिहिले.